‘द पेडलर्स’ या ऑर्गनप्रधान त्रयीविषयी: पुढे काय ऐकावे आणि ही माणसे विस्मरणात का गेली?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. माझे मामा १९६६ ते १९७३ या काळात इंग्लंडमध्ये नोकरीला होते आणि परत येताना त्यांनी साठ-सत्तर तबकड्या बरोबर आणल्या होत्या. गेल्या दिवाळीत मामींनी तो सगळा ठेवा माझ्या स्वाधीन केला. त्यांतल्या बहुतेक नावांशी माझी निदान तोंडओळख होती. एका तबकडीवरचे नाव मात्र मी पूर्वी कधीही ऐकले नव्हते. गटाचे नाव ‘द पेडलर्स’, तबकडीचे नाव ‘थ्री इन अ सेल’, कंपनी सीबीएस आणि वर्ष १९६८. नावावरून काही बोध होईना, म्हणून ती मी सर्वांत शेवटी ऐकायला घेतली आणि त्यानंतरचे दोन आठवडे दुसरी कोणतीही तबकडी लावलीच नाही.

गटात माणसे तीनच आहेत. रॉय फिलिप्स ऑर्गन वाजवतात आणि गातातही, टॅब मार्टिन बेस गिटारवर आहेत आणि ट्रेव्हर मोरेस ड्रमवर. ‘ऑन अ क्लिअर डे’ हे १९६५ च्या एका ब्रॉडवे संगीतिकेतले गाणे या तबकडीवर आहे. इतर गायकांकडून मी ते ऐकले आहे. ते सहसा लांब श्वासाने, प्रशस्त वाद्यवृंदाच्या आधाराने गायले जाते. पेडलर्सनी त्याला असा चालता ठेका दिला आहे की ते संपेपर्यंत ऐकणाऱ्याचा पाय स्थिर राहत नाही, आणि तरीही गाण्यात कुठेही घाई जाणवत नाही. फिलिप्स यांचा आवाज घोगरा आहे, थोडा दुखावलेला वाटावा असा आहे, आणि ओळ संपली की ऑर्गन ती जिथे सुटली तिथूनच उचलतो. हे जॅझ आहे असे म्हणावे तर गाणी तीन-चार मिनिटांत आटोपतात. पॉप आहे असे म्हणावे तर ड्रमवाल्याचा हात पॉपच्या साध्या ठेक्यात एक क्षणही मावत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. या गटाचे पुढे काय ऐकावे? ऑर्गन वाजवणारी आणि गाणारी व्यक्ती एकच असल्याचा त्या संगीतावर खरोखर काही परिणाम होतो, की तो केवळ माझ्या कल्पनेचा खेळ आहे? आणि इतके चांगले वाजवणारे लोक त्या काळाच्या कोणत्याही आठवणींत सहसा भेटत नाहीत, याचे कारण काय असावे? मामा आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांची आठवण या ऐकण्यात मिसळली आहे हे मी जाणते. म्हणूनच ज्यांना या तबकडीशी असे काही नाते नाही, त्यांचे मत मला हवे आहे.

पायपेटी

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण वाद्य हा माझा विषय आहे. ‘ऑर्गन’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातला, रंगमंचासमोर बसून पायाने भाता मारत वाजवायचा ऑर्गन येतो. त्यात हवेच्या दाबाने पितळी पात्या कंप पावतात आणि सूर निघतो. फिलिप्स वाजवतात तो हॅमंड ऑर्गन या घराण्यातला नाही. त्यात हवाही नाही आणि पातीही नाही. लॉरेन्स हॅमंड हे अमेरिकेतले अभियंते आधी विजेवर चालणारी घड्याळे बनवत असत आणि १९३५ मध्ये त्यांनी हे वाद्य बाजारात आणले. आतमध्ये एका मोटरवर पोलादी चकत्या फिरत असतात. त्यांची कड उंचसखल असते आणि प्रत्येक चकतीशेजारी तारेचे वेटोळे असलेले एक चुंबक असते. चकतीची कड त्याच्यापुढून सरकली की वेटोळ्यात अतिशय क्षीण वीज निर्माण होते, आणि हीच वीज पुढे वाढवून ध्वनी म्हणून ऐकू येते. सर्वांत गाजलेल्या बी-३ या नमुन्यात अशा ९१ चकत्या असतात. मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असल्याने हे वाद्य सहसा बेसूर होत नाही. दर पावसाळ्यात हार्मोनियमचे सूर लावून लावून थकलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

वादकापुढे प्रत्येक संचात नऊ दांड्या असतात, ज्या बाहेर ओढता येतात. एकेक दांडी म्हणजे मूळ सुराचा एकेक उपस्वर. ती जितकी बाहेर, तितका तो उपस्वर मोठा. वाजवता वाजवता दांड्या मागेपुढे करून वादक आवाजाचा रंग बदलत असतो. यात दोन गोष्टींची भर घाला. पहिली म्हणजे लेस्ली हा ध्वनिक्षेपक, ज्यात ध्वनी फिरत्या कर्ण्यातून बाहेर पडतो. जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर जसा चढतो आणि उतरतो, तसा तो ध्वनी लहरत राहतो आणि एका कळीने त्याचा वेग बदलता येतो. दुसरी म्हणजे सुराच्या आरंभी उमटणारा एक टणत्कार, ज्याला परकशन म्हणतात. त्याची रचना फार नाजूक आहे. आधी दाबलेल्या सगळ्या पट्ट्या पूर्ण सुटल्याशिवाय तो ठोका पुन्हा उमटत नाही. म्हणजे वादकाने सूर एकमेकांना जोडून वाजवले तर ठोका फक्त पहिल्या सुरावर पडतो, आणि सुटे सुटे वाजवले तर प्रत्येक सुरावर. सतारीवर मिजराबीचा एकच आघात करून पुढचे सूर मींडेत काढावेत किंवा प्रत्येक सुराला वेगळा आघात द्यावा, तसा हा भेद आहे. परकशन चालू असताना सूर तुटक घ्यायचे की जोडून, हा वादकाला क्षणोक्षणी करावा लागणारा निर्णय असतो. आपण तबकडी पुन्हा लावाल तेव्हा गाण्याच्या दोन ओळींमधल्या जागेकडे या दृष्टीने लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

आता गायक आणि वादक एकच असण्याविषयी. जिमी स्मिथ १९५६ मध्ये ब्लू नोट कंपनीसाठी वाजवू लागले, तेव्हापासून जॅझमधल्या ऑर्गनवादकाने बेसही स्वतःच सांभाळायचा असा प्रघात पडला. डावा हात खालच्या सुरांत बेस चालवतो, पायपट्ट्या त्याला दुजोरा देतात आणि उजव्या हाताला सर्व कलाकुसर करावी लागते. पेडलर्सनी हा प्रघात मोडला, कारण त्यांच्याकडे टॅब मार्टिन होते. बेसचे ओझे उतरल्यामुळे फिलिप्स यांचा डावा हात मोकळा झाला आणि तो मोकळा हात त्यांनी आवाजाच्या सेवेला दिला. आपल्याकडे स्वतः पेटी वाजवत गाणारा गायक कधी पाहिला असेल, तर आपल्या लक्षात येईल की तो गाताना बोटे हलकी ठेवतो, श्वास घेताना भरतो आणि एखादी जागा गळ्याने घ्यायची की पेटीवर सोडायची हे ठरवायला त्याला कोणाकडे पाहावे लागत नाही. ओळ जिथे सुटली तिथूनच ऑर्गन ती उचलतो, असे आपण लिहिले आहे. ही आपली कल्पना नाही. एकाच श्वासाने दोन्ही चालले आहे.

तबकडी३३

‘पायपेटी’ यांनी वाद्याचे सांगितले, मी गटाचे सांगतो. पेडलर्स १९६४ मध्ये मँचेस्टर येथे एकत्र आले. मोरेस लिव्हरपूलचे. बीटल्सबरोबरच्या पिढीतल्या ‘फॅरन्स फ्लेमिंगोज’ या गटात ते ड्रम वाजवत, आणि रिंगो स्टार बीटल्समध्ये गेल्यावर रोरी स्टॉर्म यांच्या गटात जे अनेक ड्रमवादक येऊन गेले, त्यांतही त्यांची गणना होते. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या हातात जॅझ ऐकू येत असला तरी त्यांची उमेदवारी नाचणाऱ्या गर्दीपुढे झालेली आहे, आणि गाणे पायांना कसे जाणवते याचे भान त्यांना कधीही सुटलेले नाही.

त्यांचे पहिले यश जानेवारी १९६५ चे. ‘लेट द सनशाइन इन’ हे गाणे लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटिश यादीत ५० व्या क्रमांकावर, म्हणजे अगदी उंबरठ्यावर, येऊन गेले. याच नावाचा समूहस्वर असलेले एक प्रसिद्ध गाणे नंतर ‘हेअर’ या संगीतिकेतून जगभर पोहोचले, आणि त्यामुळे पेडलर्सचे गाणे शोधणाऱ्याच्या हाती बहुधा तेच लागते. दोन्ही पूर्णपणे वेगळी आहेत. यापुढची दोन-तीन वर्षे ते रात्रीच्या क्लबांत वाजवत राहिले आणि तिथेच त्यांचा खरा पाया पडला. लंडनच्या पिकविक क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘लाइव्ह अॅट द पिकविक’ ही तबकडी १९६७ ची आहे. त्यानंतर ते सीबीएसकडे गेले आणि तिथे ‘फ्रीव्हीलर्स’, आपल्याकडची ‘थ्री इन अ सेल’ आणि ‘बर्थडे’ या तीन तबकड्या झाल्या. १९६९ मध्ये ‘बर्थ’ हे गाणे १७ व्या क्रमांकापर्यंत चढले आणि १९७० मध्ये ‘गर्ली’ ३४ व्या क्रमांकापर्यंत. ‘बर्थ’हून वर त्यांचे कोणतेही गाणे गेले नाही. पुढे ते फिलिप्स कंपनीकडे परतले (कंपनीच्या आणि गायकाच्या नावातले साम्य हा केवळ योगायोग) आणि १९७२ मध्ये लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर ‘सुइट लंडन’ ही तबकडी केली.

पुढे काय ऐकावे, याविषयी माझे मत ठाम आहे. आता लगेच ‘फ्रीव्हीलर्स’कडे वळू नका. ती चांगली विकली गेली, पण तिच्यात वाद्यवृंद बराच आहे आणि तिघांचे आपापसांतले बोलणे ऐकण्याची सवय होण्याआधी तो मध्ये येतो. आधी पिकविकचे ध्वनिमुद्रण ऐका, कारण तिथे कोणतीही सजावट नाही. लहान खोली, जवळ बसलेले श्रोते, आणि तीन माणसे एवढाच ऐवज आहे. त्यानंतर ‘बर्थ’ हे एकच गाणे, रात्री, दिवा मालवून ऐका. ते संथ आहे, गंभीर आहे, आणि त्या वर्षीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते कसे शिरले याचे मला आजही नवल वाटते. सुरांपेक्षा सुरांमधली पोकळी तिथे जास्त बोलते. ऑर्गन हे असे वाद्य आहे की पट्टी दाबून ठेवली तर सूर आपोआप कधीही विरत नाही. पियानोचा सूर विरतो, सतारीचा विरतो, याचा विरत नाही. त्यामुळे ऑर्गनवादकाला शांतता हवी असेल तर ती स्वतः हात उचलून निर्माण करावी लागते. फिलिप्स हात उचलतात. त्या काळच्या किती ऑर्गनवादकांना हे जमले, ते मोजायला दोन हातांची बोटे पुरतील.

‘सुइट लंडन’ सर्वांत शेवटी ऐका. तिच्याविषयी माझ्या मित्रांत दोन तट आहेत, आणि मी तिच्या बाजूचा आहे.

समेवर

माझे मत यापेक्षा वेगळे आहे आणि ते मी आदरपूर्वक मांडतो. एखादा गट विसरला गेला, म्हणून तो थोर होता, असे आपण नकळत मानू लागतो. पेडलर्स उत्तम वाजवत, यात वादच नाही. पण त्याच वर्षांत, त्याच लंडन शहरात, याच वाद्यावर दुसरे काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहायला हवे. ग्रॅहम बाँड हॅमंड वाजवत, अल्टो सॅक्सोफोन वाजवत आणि गातही असत. त्यांच्या गटात जॅक ब्रूस, जिंजर बेकर आणि डिक हेक्स्टॉल-स्मिथ होते. १९६५ मधले त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकताना खोलीला आग लागल्यासारखे वाटते. जॉर्जी फेम यांनी सोहोमधल्या फ्लेमिंगो क्लबमध्ये पहाटेपर्यंत वाजवून स्वतःची शैली घडवली, आणि जानेवारी १९६५ मध्ये, म्हणजे पेडलर्सचे पहिले गाणे ५० व्या क्रमांकाला टेकले त्याच महिन्यात, फेम यांचे ‘ये ये’ पहिल्या क्रमांकावर होते. ब्रायन ऑगर आणि ज्युली ड्रिस्कॉल यांचे ‘धिस व्हील्स ऑन फायर’ १९६८ मध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. ऑगर यांच्या ‘ट्रिनिटी’ या गटात काही काळ गिटार वाजवणारे गॅरी बॉइल यांचा जन्म पाटण्याचा, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून जाता जाता नोंदवतो.

या तिघांच्या तुलनेत मला पेडलर्समध्ये जोखीम कमी दिसते. फिलिप्स एकल वादनाला सुरुवात करतात, आता ते कुठेतरी दूर जातील असे वाटते, आणि तेवढ्यात गाण्याची पुढची ओळ येते. जॅझमध्ये वादकाने वाट चुकण्याची तयारी ठेवायला हवी, वाट चुकल्यावर परत समेवर कसा येतो हे तर आपण ऐकायला बसतो. वाद्यवृंद असलेल्या त्यांच्या गाण्यांत तर तंतुवाद्यांचा गोडवा इतका आहे की ऑर्गनची धार बोथट होते. ‘बर्थ’ ला मी अपवाद मानतो. पण एका अपवादावर सगळ्या कारकिर्दीचे मूल्य ठरवू नये.

तबकडी३३

‘समेवर’ यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. बाँड आणि ऑगर यांच्याकडे जी आग आहे ती पेडलर्सकडे नाही, हे मला मान्य आहे. फक्त ती त्यांना हवी होती, असे मला वाटत नाही. ते गाणे सोडून दूर जात नाहीत, कारण त्यांच्या लेखी गाणे हे उड्डाणाचे मैदान नाही, ते राहण्याचे घर आहे. ठुमरी गाणारा कलावंत ख्यालाइतका विस्तार करत नाही, म्हणून आपण त्याला भित्रा म्हणत नाही. शब्दाच्या एका वळणावर तो किती प्रकारांनी थांबतो ते पाहतो. फिलिप्स यांच्याकडे तशा कानांनी पाहावे. ‘कमिंग होम बेबी’ हे बेन टकर यांचे गाणे १९६२ मध्ये मेल टॉर्मे यांनी लोकप्रिय केले होते आणि साठच्या दशकात ते असंख्य गटांनी वाजवले. पेडलर्सचे वादन त्यांच्यापुढे ठेवून ऐकल्यास चाल तीच आहे, लांबीही फारशी वेगळी नाही, पण प्रत्येक आवर्तनात बेस आणि ड्रम यांच्यामधले अंतर किंचित बदलते, आणि त्या बदलाबरोबर ऑर्गनचा आवाज आधी कोरडा, मग ओला होत जातो. हे धाडस मोठ्या आवाजात केलेले नाही, म्हणून ते नजरेतून सुटते.

तंतुवाद्यांविषयी मात्र मी आपल्याशी सहमत आहे. कंपनीला तो ध्वनी हवा होता आणि तो विकला जात होता. मी स्वतः ‘फ्रीव्हीलर्स’ वर्षातून एकदा काढतो, आणि त्यातली दोन-तीन गाणी ऐकून परत ठेवतो.

लीड्सहून

मी गेली अठ्ठावीस वर्षे यॉर्कशरमध्ये राहतो, त्यामुळे विस्मरणाविषयीच्या प्रश्नाला इथल्या बाजूने थोडे उत्तर देऊ शकतो. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये संगीताचे दोन वेगळे रस्ते होते. एका रस्त्यावर तरुणांचे क्लब, महाविद्यालयांची सभागृहे आणि पुढे मोठे महोत्सव होते. दुसऱ्या रस्त्यावर जेवणाची टेबले असलेले रात्रीचे क्लब होते, जिथे नोकरदार जोडपी चांगले कपडे घालून जात, जेवत आणि गाणे ऐकत. याला इथे कॅबरे म्हणत, आणि आपल्याकडे हिंदी चित्रपटांमुळे त्या शब्दाला जो अर्थ आला आहे तो इथे अभिप्रेत नाही. उत्तर इंग्लंडमध्ये हा व्यवसाय प्रचंड होता. माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर बॅटली हे गिरणगाव आहे. तिथे १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हरायटी क्लबमध्ये पुढच्याच वर्षी साक्षात लुई आर्मस्ट्राँग येऊन गायले. गिरणीकामगार आणि त्यांच्या बायका टेबलाशी बसून त्यांना ऐकत होत्या, हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

पेडलर्स या दुसऱ्या रस्त्यावरचे होते, आणि संगीताचा इतिहास पहिल्या रस्त्यावरच्या लोकांनी लिहिला. संगीतावर लिहिणाऱ्या साप्ताहिकांतले तरुण समीक्षक ज्या सभागृहांत जात, तिथे सूट घातलेली, ब्रॉडवेची गाणी वाजवणारी त्रयी त्यांना भेटत नव्हती, आणि भेटली असती तरी ती त्यांच्या आईवडिलांची आवड ठरली असती. जॅझच्या जाणकारांना ती पॉप वाटे. तबकड्यांच्या दुकानात त्यांना ‘ईझी लिसनिंग’ या खणात ठेवले जाई, आणि एकदा त्या खणात गेलेली तबकडी बाहेर यायला तीस वर्षे लागतात.

तशी ती लागलीही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये हॅमंडच्या आवाजाला पुन्हा भाव आला, ‘अॅसिड जॅझ’ या नावाची कंपनी १९८७ मध्ये निघाली, आणि नाचासाठी जुन्या तबकड्या शोधणारे डीजे सेकंडहँड दुकानांतले ते उपेक्षित खण उपसू लागले. तिथे त्यांना ‘ऑन अ क्लिअर डे’ सापडले. ज्या गाण्याने ‘गोदाकाठ’ यांचा पाय स्थिर राहिला नाही, त्याच गाण्याने नव्वदच्या दशकात इथल्या क्लबांत पंचविशीतली मुले नाचत होती. मी स्वतः हे गाणे प्रथम ऐकले ते एका सहकाऱ्याच्या लग्नानंतरच्या मेजवानीत, आणि ते कोणाचे आहे हे विचारायला त्या डीजेकडे गेलो, तेव्हा माझ्याआधी दोन जण तोच प्रश्न घेऊन उभे होते. त्यामुळे मामांच्या आठवणीने आपला कान फसवला असेल, ही शंका आपण मनातून काढून टाकावी. त्या मुलांना कोणाचीच आठवण येत नव्हती.

एक गोष्ट वाद्याच्या वजनाची. बैठक आणि पायपट्ट्या धरून हॅमंडचे मोठे नमुने पावणेदोनशे किलोंच्या पुढे जातात. सत्तरच्या दशकात हाताने उचलता येतील असे सिंथेसायझर बाजारात आले, तेव्हा दररोज नव्या गावी वाजवणाऱ्या गटांनी जड ऑर्गनला निरोप दिला, आणि चकत्यांचे हॅमंड बनवणे कंपनीने त्याच दशकाच्या मध्यावर थांबवले. ज्यांची सगळी ओळखच त्या वाद्यावर उभी होती, त्यांच्यासाठी तो काळ कठीण होता.

गोदाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ‘पायपेटी’ यांच्या सूचनेप्रमाणे मी काल रात्री पुन्हा ऐकले, आणि एका जागी सुटे सुटे सूर टणटणत येतात तर लगेच पुढच्या वळणावर तोच स्वरसमूह जोडून, एकाच ठोक्यावर सरकत जातो, हे पहिल्यांदाच ऐकू आले. इतके दिवस मला तिथे दोन वेगळी वाद्ये आहेत असे वाटत होते. ‘समेवर’ यांचा आक्षेपही लक्षात ठेवूनच ऐकले. एकल वादन अकाली संपते हे खरे आहे. मला ते खटकत नाही, पण आता ते ऐकू येते.

पिकविकचे ध्वनिमुद्रण मला संगणकावर मिळाले आणि त्यातला फरक लगेच जाणवला. तिथे मोरेस किती ऐकत वाजवतात! शब्द सुरू झाले की त्यांचा हात पुढचा ठोका किंचित अलीकडे ठेवून थांबतो आणि शब्द संपेपर्यंत तो तसाच थांबून राहतो. एक विचारायचे राहिले. या तिघांचे पुढे काय झाले?

तबकडी३३

फिलिप्स न्यूझीलंडला स्थायिक झाले आणि तिथे गात-वाजवत राहिले. मोरेस यांचा पुढचा प्रवास तर आणखी लांबचा आहे. रुपर्ट हाइन यांच्याबरोबर ते ‘क्वांटम जंप’ या गटात होते, ज्याचे ‘द लोन रेंजर’ हे गाणे १९७९ मध्ये पाचव्या क्रमांकावर गेले. १९८० च्या दशकात त्यांनी हॉवर्ड जोन्स यांना ड्रमवर साथ केली, आणि नंतर दक्षिण स्पेनमध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होमोजेनिक’ या अल्बमचे बरेचसे काम आइसलंडच्या गायिका ब्यर्क यांनी त्याच स्टुडिओत केले. पिकविक क्लबमध्ये टेबलांवरच्या काट्याचमच्यांच्या आवाजावर मात करत वाजवणारा हात तीस वर्षांनी तिथे यजमान होता, ही गोष्ट मला नेहमीच सुखावते.

आणखी एक. १९६८ मधल्या ‘द लॉस्ट कॉन्टिनेंट’ या हॅमर कंपनीच्या साहसपटाचे शीर्षकगीत पेडलर्सचे आहे. चित्रपट पाहावा असा आग्रह मी धरणार नाही. आरंभीच्या नामावलीवर ते गाणे येते, तेवढे ऐकले तरी पुरे.

समेवर

या चर्चेमुळे ‘बर्थ’ पुन्हा ऐकले, आणि त्यानंतर ‘थ्री इन अ सेल’ पूर्ण ऐकले. बाँड यांच्याविषयीचे माझे मत बदललेले नाही. पण ठुमरीचा दाखला दिल्यानंतर ‘कमिंग होम बेबी’ मला पूर्वीसारखे ऐकता आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिसऱ्यांदा ऐकताना मी ऑर्गनकडे दुर्लक्ष करून केवळ टॅब मार्टिन यांच्या बेसच्या मागे गेलो. त्यांच्याविषयी इथे कोणी फारसे लिहिले नाही. त्यांनी आपली जागा सोडली असती, तर फिलिप्स यांना एवढे निवांत गाता आले नसते.

पायपेटी

‘समेवर’ यांनी बेसचा विषय काढला, म्हणून ‘गोदाकाठ’ यांना एक व्यावहारिक सूचना करतो. जुन्या तबकडीवर बेस आणि ऑर्गनचे खालचे सूर एकमेकांत मिसळून धूसर ऐकू येत असतील, तर दोष बहुधा ध्वनिमुद्रणाचा नसून सुईचा असतो. मामांच्या काळातलीच सुई अजून यंत्रावर असेल तर ती आधी बदला; झिजलेली सुई तबकडीच्या खाचा कायमच्या खरवडते. तबकडी कोमट पाण्याने, मऊ सुती कापडाने, खाचांच्या दिशेने पुसा आणि मधले लेबल कोरडे राहील याची काळजी घ्या. त्यानंतर दुसरी बाजू पहिल्यापासून लावा, आणि या वेळी आपणही बेसच्या मागे चालत जा.